वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं : चिठ्ठीवरचे कारभारी, नुरा कुस्ती आणि ब्रह्मपुरीचा समुद्रदेव

मागच्या अंकात प्राचीन ग्रीसवर दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग पडला. राजकारण आणि कुस्ती हे दोन विषय निघाल्यावर कोल्हापूर जिल्हा गप्प बसेल असं मला वाटलंच नव्हतं. सगळ्यांची पत्रं छापणं शक्य नाही. एकाच अंगाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ज्यांनी ‘बाई, परीक्षेला येईल असं थोडक्यात सांगा’ असं लिहिलंय त्यांना या खेपेला वगळलं आहे. तेवढ्यासाठी गाइड मिळतात.

प्रश्न : बाई, आमच्याकडे सरपंचपदाचं आरक्षण सोडतीनं ठरतं. शाळेतल्या एखाद्या पोराला बोलावतात, बरणीत हात घालायला लावतात आणि त्यावरसुद्धा पुढं महिनाभर भांडणं चालतात. तुम्ही लिहिलंत की अथेन्समध्ये अधिकारीच चिठ्ठीवर निवडत. म्हणजे ज्याचं नाव निघेल तो कारभारी? मग एखादा गाढव आला म्हणजे?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : येणारच की. ते त्यांनाही ठाऊक होतं. गाढव आला तरी गाडा चालला पाहिजे, अशी त्यांची सगळी मांडणी होती.

इ.स.पू. ५०८-७ मध्ये क्लेइस्थेनिस नावाच्या पुढाऱ्यानं अथेन्सच्या नागरिकांची जुनी घराण्यांवरची विभागणी मोडली आणि १० नवे गट केले. प्रत्येक गटात थोडी शहरातली, थोडी किनाऱ्यावरची, थोडी आतल्या भागातली गावं घातली. हेतू उघड होता : एका भागाच्या पाटलाला आपला गट खिशात घालता येऊ नये. या प्रत्येक गटातून दर वर्षी ५० माणसं चिठ्ठीनं निवडायची, ती मिळून ५०० जणांची समिती. वय तिशीच्या पुढं हवं आणि आयुष्यात दोनदापेक्षा जास्त बसता येत नसे. वर्षाचे १० भाग पाडलेले. प्रत्येक भागात एका गटाचे ५० जण रोजचा कारभार बघत. त्या ५० मधून रोज एकाची चिठ्ठी निघे. त्या माणसाकडे एक रात्र आणि एक दिवस खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का. दुसऱ्या दिवशी दुसरा. ज्याची पाळी होऊन गेली त्याला जन्मात पुन्हा ती मिळत नसे. आपल्याकडे एकदा किल्ली हातात आली की ती परत घ्यायला कोर्टात जावं लागतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

न्यायालयांसाठी तर त्यांनी यंत्रच केलं होतं. माणसाच्या उंचीचा संगमरवरी दगड, त्यात उभ्या रांगांनी कोरलेल्या अरुंद खाचा. प्रत्येक नागरिकाकडे आपल्या नावाची, बापाच्या नावाची आणि गावाच्या नावाची एक पातळ पट्टी असे, बऱ्याच पट्ट्या पितळेसारख्या ब्रॉन्झच्या. पहाटे त्या पट्ट्या खाचांत बसवायच्या. दगडाच्या कडेला एक नळी, तिच्यात वरून पांढरे आणि काळे फासे ओतायचे. खाली एकेक फासा पडे. पांढरा पडला की ती आडवी ओळच्या ओळ आज न्यायदानाला बसणार, काळा पडला की ती ओळ घरी. हे उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कुठल्या खटल्याला कोण बसणार हे सकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नसल्यामुळं आदल्या रात्री पाकीट पोचवायचं कुणाला, हा प्रश्नच उरत नसे. शिवाय एका खटल्याला २०१, ५०१ असे न्यायाधीश. इतक्यांना विकत घ्यायला घरदार विकावं लागलं असतं. अशा दगडाचा एक तुकडा आजही अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेतल्या संग्रहालयात आहे. नावाच्या त्या पट्ट्या काही जणांच्या थडग्यांत सापडल्या. मेल्यावरसुद्धा माणसानं सोबत न्यावी एवढी ती वस्तू अभिमानाची होती.

आता तुमचा गाढव. चिठ्ठी निघाली तरी खुर्ची लगेच मिळत नसे. आधी चौकशी. प्रश्न अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘अथेन्सची राज्यघटना’ या ग्रंथात दिले आहेत : तुझा बाप कोण, आई कोण, गाव कोणतं, घराण्याच्या कबरी कुठं आहेत, आईबापांना नीट वागवतोस का, कर भरलास का, मोहिमेवर गेला होतास का. शिक्षण किती, अनुभव किती, हे कुणी विचारत नसे. आईबापांचं मात्र विचारत. मला हे फार आवडतं. काम बहुधा १० जणांच्या मंडळानं मिळून करायचं, म्हणजे एकाची चूक नऊ जण झाकणार नाहीत. आणि वर्ष संपलं की हिशेब. तो पटेपर्यंत परदेशी जाता येत नसे, मालमत्ता विकता येत नसे. हा ग्रंथसुद्धा गमतीनं टिकला. इजिप्तमध्ये कुणीतरी शेतीच्या हिशेबाच्या वापरून झालेल्या कागदांमागं तो उतरवून काढला होता. ते पपायरस लंडनला पोचलं आणि १८९१ मध्ये छापून आलं. त्याआधी यातलं बरंचसं जगाला माहीतच नव्हतं.

एक गोष्ट मात्र ते चिठ्ठीवर सोडत नसत : सेनापती. दहा सेनापती हात वर करून निवडायचे आणि कितीही वेळा निवडायचे. पेरिक्लिस नावाचा पुढारी असा ओळीनं १५ वर्षं निवडून आला. सॉक्रेटिस टोमणा मारायचा की, नावाडी कुणी चिठ्ठीनं निवडत नाही, मग राज्य कसं चालवता? त्याचं म्हणणं फुकाचं नव्हतं. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईच्या आरमारी लढाईत अथेन्स जिंकलं, पण वादळामुळं बुडणाऱ्या आपल्याच खलाशांना वाचवता आलं नाही. नागरिकांच्या संतापलेल्या सभेनं सेनापतींचा एकगठ्ठा निकाल लावला आणि हाती लागलेल्या सहा जणांना देहदंड दिला. कायद्यानं प्रत्येकाचा वेगळा खटला चालायला हवा होता. त्या दिवशी कारभार बघणाऱ्या ५० जणांत चिठ्ठीनं आलेला सॉक्रेटिस होता आणि हा ठराव मताला टाकायला त्यानं नकार दिला. उपयोग झाला नाही. पुढं लोकांना पस्तावा झाला म्हणे. मढी परत येत नाहीत.

माझं मत विचाराल तर अथेन्सच्या लोकशाहीत भाबडेपणा कुठंच नव्हता. तिथं कुणाचा कुणावर काडीचा विश्वास नव्हता, आणि तो नाही हे सगळ्यांनी मोकळेपणानं कबूल करून नियम लिहिले होते.

प्रश्न : बाई, आता मतदान यंत्रावर ‘नोटा’चं बटण असतं, पण ते दाबून कुणी घरी जात नाही. ग्रीक लोक मत देऊन पुढाऱ्याला गावाबाहेर काढायचे, हे खरं का?
– चहाच्या गाड्यावरची मित्रमंडळी, गंगावेश

उत्तर : खरं. वर्षातून एकदा सभेला विचारायचं, यंदा कुणाला बाहेर काढायचं का? ‘हो’ आलं की काही आठवड्यांनी मतदान. मडक्याची फुटकी खापरी घ्यायची, तिच्यावर खिळ्यानं नाव कोरायचं आणि बाजारात टाकायची. किमान ६,००० खापऱ्या पडल्या तर ज्याचं नाव सर्वांत जास्त, त्यानं १० दिवसांत अथेन्स सोडायचं, १० वर्षांसाठी. खटला नाही, आरोप नाही, भाषण नाही. पण घर, जमीन, पैसा त्याचाच राहायचा आणि परत आल्यावर मानही तोच. पहिला माणूस गेला इ.स.पू. ४८७ मध्ये. म्हणजे ही शिक्षा कमी आणि गार करण्याची युक्ती जास्त.

उत्खननात अशा हजारो खापऱ्या मिळाल्या आहेत. खापरी फुकट मिळते, कागद महाग, म्हणून इतिहासकारांची चंगळ. काहींवर नावाबरोबर शिव्याही कोरल्यात. तुमच्या कट्ट्याला रस वाटेल अशी एक गोष्ट : अॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एका विहिरीत थेमिस्टोक्लिसच्या नावाच्या १९० खापऱ्या एकत्र सापडल्या. अक्षरं तपासली तर लिहिणारे हात जेमतेम १४. कुणीतरी रात्री बसून तयार मतं लिहून ठेवली होती, वाटायला. वाटली गेली नाहीत, विहिरीत गेली. थेमिस्टोक्लिस पुढं हद्दपार झालाच. सालामिसच्या लढाईत इराणी आरमार बुडवणारा तोच. त्यासाठी चांदीच्या खाणीचा पैसा लोकांत न वाटता जहाजांवर घालायला त्यानं सभेला पटवलं होतं.

आणि प्लुटार्क या ग्रीक चरित्रकारानं सांगितलेला किस्सा तर सांगायलाच हवा. मतदानाच्या दिवशी एका अडाणी शेतकऱ्यानं शेजारच्या माणसापुढं खापरी धरली आणि म्हणाला, यावर अॅरिस्टाइडिसचं नाव लिहून दे. तो शेजारी स्वतः अॅरिस्टाइडिसच होता. त्यानं विचारलं, त्यानं तुझं काय बिघडवलंय? शेतकरी म्हणाला, काही नाही, ओळखतही नाही, पण जो तो त्याला ‘न्यायी, न्यायी’ म्हणतो ते ऐकून कंटाळा आलाय. अॅरिस्टाइडिसनं गुपचूप नाव लिहून दिलं.

प्रश्न : मी रोज पहाटे रंकाळ्याला पळायला जातो. मॅरेथॉनची गोष्ट खरी की खोटी, एवढंच सांगा.
– एक धावपटू, फुलेवाडी

उत्तर : अर्धी. मॅरेथॉनच्या मैदानात अथेन्सनं इराण्यांना हरवलं, त्या लढाईनंतर साधारण दोन पिढ्यांत हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार लिहीत होता. तो सांगतो की इ.स.पू. ४९० मध्ये लढाईच्या आधी मदत मागायला एक हरकाऱ्या अथेन्सहून स्पार्टाला पळाला आणि दुसऱ्या दिवशी पोचला. हे अंतर सुमारे २४० किलोमीटर. स्पार्टावाले म्हणाले, पौर्णिमेपर्यंत निघता येत नाही. विजयाची बातमी सांगून धावत्यानं प्राण सोडल्याची गोष्ट येते ती पाचशेहून जास्त वर्षांनी लिहिणाऱ्या प्लुटार्ककडे, आणि तिथं नावही निराळं. खरं पळालं ते सगळं सैन्य. इराणी जहाजं वळसा घालून शहरावर येतील म्हणून लढून दमलेले लोक तातडीनं अथेन्सला परतले. आजचे ४२.१९५ किलोमीटर ठरले ते १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून. पाय जपा, रंकाळ्याच्या कडेला पेव्हर ब्लॉक उखडलेले असतात.

प्रश्न : एवढ्या लोकशाहीत बायका कुठं होत्या? तुमच्या लेखात एकही नाव नव्हतं.
– एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : ताई, नाव नव्हतं कारण सभेत बाई नव्हती. मत नाही, न्यायालयात बोलता येत नाही, एका मापाच्या जवापेक्षा (साधारण एका मोठ्या पोत्यापेक्षा) जास्त किमतीचा व्यवहार स्वतःच्या अधिकारात करता येत नाही. भाऊ नसलेल्या मुलीला बापाची जमीन मिळायची ती अशी, की बापाच्या जवळच्या पुरुष नातेवाइकानं तिच्याशी लग्न करावं. जमीन घराण्यातच राहिली पाहिजे, मुलीचं काय व्हायचं ते होवो.

पण नुसतं ‘बिचाऱ्या’ म्हणून सोडू नका. हुंडा घ्या. काडीमोड झाला तर नवऱ्यानं हुंडा सगळा परत करायचा, नाही केला तर वर्षाला १८ टक्के व्याज. हा कायदा बाईच्या प्रेमापोटी नव्हता, तिच्या माहेरच्या पैशापोटी होता. तरी त्यानं बऱ्याच नवऱ्यांना हात आवरायला लावला असणार.

घराच्या आत डोकवायचं असेल तर एक खटला आहे. इ.स.पू. ४०० च्या सुमारास युफिलेटस नावाच्या माणसानं आपल्या बायकोच्या प्रियकराला मारलं आणि न्यायालयात सांगितलं की कायद्यानं मला तो हक्क होता. त्याचं भाषण लिसियास या व्यावसायिक भाषणकारानं लिहून दिलं, ते आज आपल्याकडे आहे. तो सांगतो : आमचं घर दुमजली, वर बायका, खाली पुरुष. मूल झालं, त्याला धुवायला दर वेळी बायकोनं जिना उतरायचा तर पडायची भीती, म्हणून मी वर झोपायला लागलो आणि बायका खाली. मूल रडलं की ती त्याला पाजायला खाली जाई. कधी कधी मोलकरीण मुद्दाम मूल रडवायची, कारण ‘तो’ आलेला असे. एकदा तर बायकोनं थट्टेत बाहेरून दाराला कडी घालून किल्ली घेतली, मी हसलो. नंतर कळलं. सगळ्या ग्रीक तत्त्वज्ञानात बाळाच्या रडण्याबद्दल एवढं खरं वाक्य सापडणार नाही. त्या बाईचं नाव मात्र अख्ख्या भाषणात एकदाही येत नाही. इभ्रतीच्या बाईचं नाव चारचौघांत घेत नसत.

नाव घेण्याजोग्या होत्या त्या देवीच्या पुजारिणी. अथेना देवीची मुख्य पुजारीण एका ठराविक घराण्यातून येई, तहहयात. लिसिमाखे नावाची पुजारीण ६४ वर्षं त्या पदावर होती, असं प्लिनी हा रोमन लेखक लिहितो. चिठ्ठीवाल्या पुरुषांची वर्षभराची खुर्ची बघा आणि हे बघा. गरीब घरच्या बायका तर बाजारात फिती, भाजी विकत होत्याच. पडदा पैसेवाल्यांना परवडतो.

आणखी एक. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लिसनं कायदा केला की आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पुढं तो स्वतः मिलेटस गावाहून आलेल्या अस्पासियाबरोबर राहायला लागला. पहिल्या बायकोची दोन्ही मुलं साथीत गेली, तेव्हा अस्पासियाच्या मुलाला नागरिक करून घ्या म्हणून त्याला लोकांपुढं आर्जव करावं लागलं. लोकांनी ऐकलं. तो मुलगा नागरिक झाला, सेनापती झाला आणि शिरोळच्या वाचकांना सांगितलेल्या त्या सहा सेनापतींत त्याचा शेवट झाला.

प्रश्न : आमच्या घरी दोन पिढ्या फौजेत. मीही भरतीची तयारी करतो. स्पार्टासारखं शिक्षण आपल्याकडे सुरू केलं पाहिजे असं मला वाटतं. तीनशे जणांनी लाखोंना अडवलं!
– एक विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : सिनेमा पाहिलास वाटतं. बाळा, इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी फौजेपुढं शेवटपर्यंत स्पार्टाचे तीनशे होते हे खरं, पण त्यांच्याबरोबर थेस्पिआई या छोट्या गावाचे सातशे जण स्वखुशीनं थांबले आणि मेले. त्यांच्यावर कुणी पोस्टर काढत नाही.

स्पार्टात सातव्या वर्षी पोरगं घरातून काढून घेत. वर्षाला एक वस्त्र, झोपायला नदीकाठचे वेत हातानं मोडून केलेलं अंथरूण, पोटभर जेवण नाही. चोरून खा, पण सापडलास तर फटके. हे सगळं कशासाठी? बाहेरच्या शत्रूसाठी कमी, घरातल्या माणसांसाठी जास्त. स्पार्टाची जमीन कसायचे ते हेलॉट, म्हणजे गुलाम केलेले शेजारी, आणि ते मालकांच्या कितीतरी पट. प्लॅटियाच्या लढाईत ५,००० स्पार्टावाल्यांबरोबर ३५,००० हेलॉट होते, असा हिरोडोटसचा आकडा आहे. दर वर्षी नवे पाच अधिकारी आले की हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे हेलॉटाला मारलं तरी खुनाचं पाप लागू नये. तुझ्या आजोबांनी ज्या शेतातून उठून फौजेत नाव घातलं, तशा शेतात राबणारा माणूस तिथं सैनिक नव्हता, सावज होता.

आणि निकाल? नागरिक राहायचं तर सैनिकी खाणावळीत दर महिन्याला आपला शिधा भरावा लागे. जमिनी मोजक्या घरांत गोळा झाल्या, ज्यांना शिधा परवडेना त्यांचं नागरिकत्व गेलं. इ.स.पू. ३७१ मध्ये लेउक्ट्राला थीब्ज शहराचा सेनापती एपामिनोंडास यानं आपली डावी बाजू ५० माणसं खोल लावून स्पार्टाच्या फळीवर घातली. नेहमीची फळी असे आठ-बारा खोल. स्पार्टाचे पूर्ण नागरिक त्या मैदानात होते ७००, त्यातले ४०० पडले. पुन्हा उठता येईल एवढी माणसंच उरली नव्हती. तू भरतीला जरूर जा. सकाळी नाश्ता करून जा.

प्रश्न : बाई, मी तालमीत जातो. आमचे वस्ताद म्हणतात, ऑलिंपिकमधली ग्रीको-रोमन कुस्ती म्हणजेच ग्रीकांची जुनी कुस्ती. त्यांचे नियम काय होते? माती होती का मॅट?
– एक मल्ल, शिवाजी पेठ

उत्तर : वस्तादांना माझा नमस्कार सांग आणि हे पान त्यांच्यापुढं हळूच ठेव. ग्रीको-रोमन हा प्रकार १९व्या शतकात युरोपात घडला, नाव तेवढं जुनं घेतलं. कमरेखाली धरायचं नाही, पाय लावायचा नाही, हा नवा नियम. प्राचीन ग्रीक मल्ल खुशाल पाय लावून पाडत. तुमच्या टांग, ढाक यांना तिथं कुणी शिट्टी वाजवली नसती.

माती होती, आणि ती कशी केली जायची हे वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं. आखाडा कुदळीनं खणून भुसभुशीत करायचा, आणि ते खणणं मल्लांनीच करायचं. तो व्यायामाचाच भाग. मल्लांच्या चित्रांत बाजूला कुदळ ठेवलेली दिसते. तालमीत हौदा उकरताना खांदे भरून येतात ते तुला सांगायला नको. तुमच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. त्यांच्याकडे अंगाला आधी ऑलिव्हचं तेल चोळायचं, मग वरून धूळ उडवायची म्हणजे पकड बसते. धुळीच्याही जाती होत्या. फिलोस्ट्रेटस हा ग्रीक लेखक त्यावर तपशीलात लिहितो आणि पिवळी धूळ अंगावर शोभून दिसते असंही सांगतो. कुस्ती झाली की ब्रॉन्झच्या वाकड्या पट्टीनं तेल, घाम, माती खरवडून काढायची. तो मळ दुखण्यावर लेप म्हणून विकला जात असे. नामांकित मल्लाच्या अंगाचा असला तर काय भाव येत असेल!

नियम साधे. वजनगट नाहीत, फक्त पोरं आणि मोठे असे दोन वर्ग. वेळेची मर्यादा नाही. उभ्यानं धरायचं, पाठ किंवा खांदे मातीला लागले की एक पाडाव, तीन पाडाव आधी करील तो जिंकला. म्हणजे एका चितपटीत निकाल नाही, खासबागेत बसलेल्याला ते कंटाळवाणं झालं असतं. बोटं मोडू नयेत असं म्हणत, पण सिसिलीकडच्या मेसेनीचा लिओन्टिस्कस समोरच्याची बोटं पिळूनच जिंकायचा. पाडायचं त्याला येतच नव्हतं, असं पॉसेनियस या ग्रीक प्रवासवर्णनकारानं सरळ लिहून ठेवलंय. पंच हातात छडी घेऊन उभे असत आणि ती नुसती दाखवायला नसे.

जोड कशी लावत? पुन्हा चिठ्ठीच. चांदीच्या कलशात दाण्याएवढ्या गोट्या, दोनांवर एक अक्षर, पुढच्या दोनांवर दुसरं. सारखं अक्षर आलं ते एकमेकांशी लढणार. मल्ल विषम असतील तर एकजण सुटा राहतो, बाकीचे दमेपर्यंत बसून राहतो आणि मग ताज्या दमानं उतरतो. असं नशीब न लागता जिंकलेला मल्ल आपल्या स्तंभावर तसं मुद्दाम कोरून घेई.

सर्वांत मोठं नाव क्रोटोनचा मायलो. ऑलिंपियात सहा वेळा विजयी, त्यातली पहिली पोरांच्या गटात. रोज वासरू उचलत गेला आणि ते बैल होईपर्यंत उचलत राहिला, ही गोष्ट तालमीत सगळ्यांना ठाऊक असते. कमी ठाऊक आहे ती सातव्या खेपेची. समोर त्याच्याच गावचा तरुण टिमासिथिऑस. पोरगा जवळच येईना, लांबूनच खडाखडी करत राहिला. वय झालेल्या मायलोला तो हाताला लागला नाही आणि सातवा मुकुट गेला. मुकुट म्हणजे रानऑलिव्हच्या डहाळीचा, रोख काही नाही. रोख गावी मिळे. सोलोन या जुन्या कायदेकर्त्याच्या कायद्यानं अथेन्सच्या ऑलिंपिक विजेत्याला ५०० द्राख्मा, आणि पुढं सरकारी पंगतीत जन्मभर जेवण.

आता तू विचारलं नाहीस पण विचारायला हवं होतंस ते : नुरा कुस्ती. होती. इ.स.पू. ३८८ मध्ये थेसलीच्या युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्यानं तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले, त्यात मागच्या खेळांचा विजेताही होता. चौघांनाही दंड झाला. त्या दंडाच्या पैशातून झ्यूस देवाचे सहा ब्रॉन्झचे पुतळे केले आणि मैदानात जायच्या वाटेवर, प्रवेशाच्या अगदी तोंडाशी, ओळीनं उभे केले. पहिल्यावर मजकूर असा, की ऑलिंपियात पैशानं नाही तर पायांच्या वेगानं आणि अंगाच्या ताकदीनं जिंकायचं असतं. पुढं जो जो सापडला त्याच्या दंडातून पुतळे वाढत गेले. पुतळे गेले, चौथरे आजही ओळीनं दिसतात. मैदानात उतरणारा प्रत्येक मल्ल त्या ओळीसमोरून चालत जायचा. आपल्याकडच्या मैदानांच्या वाटेवर जागा आहे. दंड वसूल व्हायला हवा.

प्रश्न : टाउन हॉल म्युझियमच्या संग्रहात ग्रीक देवाची मूर्ती आहे असं ऐकलं. म्हणजे ग्रीक लोक कोल्हापुरात राहत होते का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : मूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेल्या ब्रॉन्झच्या वस्तूंतली ती, समुद्रदेव पोसायडनची. आकार वीतभरसुद्धा नाही. देव ग्रीक, घडण ग्रीक धाटणीची, पण काळ रोमन साम्राज्याचा, आपल्याकडे सातवाहनांचा. त्या काळी आपल्या किनाऱ्याला येणाऱ्या जहाजांच्या एका वाटाड्या पुस्तकात सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं नोंदवली आहेत, आणि ते पुस्तक ग्रीक भाषेत आहे. माल बंदरात उतरायचा, घाट चढून वर यायचा. नदीकाठच्या एखाद्या श्रीमंतानं ती मूर्ती हौसेनं घेतली, की व्यापाऱ्याच्या सामानातून राहिली, हे मूर्ती सांगत नाही. एका मूर्तीवरून वस्ती ठरवायची तर माझ्या कपाटातल्या चिनी बरणीवरून उद्या कुणी मला चिनी ठरवेल.

माणसांच्या नावानिशी पुरावा हवा असेल तर कार्ल्याच्या लेण्यात जा. तिथल्या चैत्यगृहाच्या काही खांबांवर ते खांब दान करणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यांतले कित्येक स्वतःला धेनुकाकट या गावचे ‘यवन’ (त्या काळी ग्रीकांसाठी वापरायचा शब्द) म्हणवतात, आणि नावं मात्र सिंहध्वजासारखी इथली. दुपारच्या गर्दीत अक्षरं दिसत नाहीत. सकाळी लवकर पोचा आणि टॉर्च घेऊन जा.